‘नको’ म्हणणाऱ्याचंही पान मांडा

पानात काही टाकायचं नाही, हा आमच्या पिढीवरचा पहिला संस्कार. ‘शुभं करोति’ पाठ व्हायच्या आधीचा म्हटला तरी चालेल. डावीकडची चटणी-कोशिंबीर संपवायची, शेवटचं शीत बोटानं टिपून घ्यायचं आणि मगच उठायचं. आज साठी उलटल्यावर तपासणीला गेलं, की डॉक्टर नेमकं उलटं सांगतात. थोडी भूक ठेवून उठा, उरलं तर उरू द्या, पोट म्हणजे काही डबा नव्हे. एकाच आयुष्यात दोन उलट शिकवणी घेतलेली आमची पिढी आहे. पहिली शिकवण हाडीमाशी खिळलेली आणि दुसरी रिपोर्टच्या कागदावर. अशा वेळी जेवणाच्या टेबलावर कोण जिंकत असेल, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

पहिली शिकवण उगीच आलेली नव्हती. १९७२च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली, ती मंडळी अजून तिचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती. त्या काळात घरी आलेला पाहुणा संकोचानं अर्धपोटी उठायचा, कारण यजमानाच्या घरात किती पीठ आहे याचा अंदाज त्याला असायचा. म्हणून यजमानीण तीनदा विचारायची. पाहुणा दोनदा ‘नको’ म्हणायचा आणि तिसऱ्यांदा पान पुढे करायचा. ती एक ठरलेली भाषा होती आणि त्या भाषेत ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘नको’ असा नव्हताच. त्याचा अर्थ होता, ‘तुमच्याकडे पुरेसं आहे ना, हे पुन्हा एकदा सांगा.’ आग्रह हा त्या भाषेतला सगळ्यात मायेचा शब्द होता.

पन्नास वर्षांत घरोघरचं पीठ वाढलं, तेल वाढलं, साखर वाढली. पण भाषा तीच राहिली. आजही कुणी ‘नको’ म्हटलं, की आपल्याला ते दुसऱ्या आग्रहाचं आमंत्रणच वाटतं. मला आज जे मांडायचं आहे ते एवढंच, की ही भाषा आता बदलायची वेळ आली आहे.

आधी बाहेरच्या जेवणाबद्दल थोडं. आमच्या लहानपणी मध्यमवर्गीय घरात हॉटेलात खाणं हा उधळेपणा मानला जाई. त्यात थोडी पापाची छटाही असायची. वडिलांनी हॉटेलात चहा घेतला, तर ती गोष्ट घरी सांगितली जात नसे. बाहेर जेवणारे असत ते गरजेनं जेवणारे : विद्यार्थी, एकटे कारकून, फिरतीवरचे विक्रेते आणि मुंबईतले गिरणी कामगार. त्यांच्यासाठी खानावळी होत्या. मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या प्रशिक्षणात आवर्जून सांगितलं जाणारं उदाहरण खानावळीचंच होतं. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लहान माणसाला कर्ज द्या, असं धोरण आलं. गिरणगावात घरच्या चुलीवर कामगारांचे डबे करणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचायची वाट केली. पोळी-भाजीच्या जोरावर कर्ज फेडणाऱ्या त्या बायकांचं कौतुक आमचे शिकवणारे अधिकारी करत. मला त्यातून कळलं ते वेगळंच. बाहेरचं जेवण म्हणजेसुद्धा कुणाच्या तरी घरचं जेवण असू शकतं.

पुढे बदल्या झाल्या आणि गावोगावच्या खानावळींनी मला पोसलं. कोल्हापूरला तांबडा-पांढरा, विदर्भात झुणका-भाकर आणि वर कच्च्या तेलाची धार, कोकणात सोलकढी. पुण्यात आल्यावर टिळक रस्त्यावरची बादशाही, लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस, फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपाली. बदलीच्या गावी ओळख नसते, नाटक-सिनेमा नसतो. असते ती संध्याकाळची पंगत. माझ्या कादंबऱ्यांमधली निम्मी माणसं मला खानावळीच्या बाकावर भेटलेली आहेत. तेव्हा, बाहेर जेवणं बंद करा म्हणजे वजन उतरेल, हा सल्ला मला कुणी दिला, की माझा पहिला प्रश्न असतो : वजन उतरेल हो, पण माणसं कुठं भेटतील?

आता आम्ही निवृत्तांचा आठ जणांचा कट्टा आहोत. चार जोडपी. सकाळी टेकडी आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री बाहेर जेवण, असा आमचा परिपाठ आहे. टेकडीवर बोलायचा मुख्य विषय म्हणजे वजन आणि हॉटेलात बोलायचा मुख्य विषय म्हणजेही वजनच. फक्त दुसऱ्या वेळी तोंडात काहीतरी असतं. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रातल्या इतर अनेक कट्ट्यांप्रमाणे आमच्यातही दोन पक्ष पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतली दोनच वेळा जेवायची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोचवली. तिचे अनुयायी पंचावन्न मिनिटांचा गजर लावून जेवत. ऋजुता दिवेकर यांची पुस्तकं वाचलेला दुसरा पक्ष थोडं थोडं, पण वेळेवर खा म्हणायचा. त्यांच्या पिशवीत सदैव शेंगदाणे आणि केळं. आमच्यातल्या एका चतुर गृहस्थांनी दोन्ही पंथांचा समन्वय साधला. दोन वेळा ते दीक्षितांप्रमाणे भरपेट जेवत आणि मधल्या वेळी दिवेकरांप्रमाणे थोडं थोडं खात. त्यांचं काय झालं, हे त्यांच्या शिंप्याला विचारावं. शिवाय आपलं पंचांग आहेच. संकष्टीला मोदक, श्रावणात पुरण, दिवाळीत फराळ. आणि उपास म्हणावा, तर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

हसण्याचा भाग सोडला, तर विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बँकेतली सवय म्हणून मी आकडे बघतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के आणि त्याच वयाच्या पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के माणसं जादा वजनाची निघाली. म्हणजे चारांत जवळजवळ एक. हे मोजायचं माप म्हणजे बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाची. तिला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांनी दिलं ते १९७२ साली. आम्ही मिलोच्या रांगेत उभे होतो, त्याच साली तिकडे लठ्ठपणा मोजायच्या मापाचं बारसं झालं. तेव्हा कुणाला वाटलं असेल, की ते माप एक दिवस आमच्याच पोटाला लागणार आहे?

आणि ते लागलं तेही जरा कडकच. जगभर बीएमआय २५च्या वर गेला की जादा वजन मानतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली ही रेषा भारतीयांसाठी २३वर आणली आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरला. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८०च्या आत असावी, असंही सांगितलं. कारण आपण दिसतो त्यापेक्षा आतून जास्त चरबीचे असतो. याचं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तेव्हा ‘मी कुठं जाड दिसतो?’ हा आपला लाडका प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या फारसा उपयोगाचा नाही.

माझी स्वतःची मापं सांगून टाकतो. उंची १६८ सेंटिमीटर आणि गेल्या वर्षाच्या सुरुवातीला वजन ७९ किलो. भागाकार करा, २८ येतो. रेषेच्या आत यायचं तर १४ किलो उतरवायला हवेत. हा आकडा ऐकून कुणीही माणूस एक वडा जास्तच खाईल. पण डॉक्टर मंडळी एक दिलाशाची गोष्टही सांगतात. वजनाच्या पाच ते दहा टक्के एवढं जरी उतरलं, तरी साखर आणि रक्तदाब यांच्यात चांगला फरक पडू शकतो. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यातल्या एका गटापुढे उद्दिष्ट ठेवलं होतं ते सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करण्याचं. २००२ साली निष्कर्ष आले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटापेक्षा त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं. नुसत्या गोळीनं ते ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं. म्हणजे माझ्यापुढे १४ किलोंचा डोंगर नव्हता. पाच-साडेपाच किलोंची टेकडी होती.

पण टेकडी चढायची कशी? इथे आपल्याकडे एकच उत्तर ठरलेलं आहे : मनोनिग्रह. जिभेवर ताबा ठेवा. या उत्तरातली अडचण मला आमच्या कट्ट्यावरच्या एका मित्रामुळे कळली. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. साखर निघाली आणि डॉक्टरांनी आठ किलो कमी करायला सांगितलं. गणिताचा माणूस, त्यांनी ते अक्षरशः घेतलं. पुढच्या पहिल्या शनिवारी हॉटेलात त्यांनी एक भाकरी, पालेभाजी आणि ताक मागवलं. झालं! टेबलावर जो तो सुरू. ‘अहो सर, एक दिवस खाल्लं तर काय होतंय?’ ‘वहिनींनी उपाशी ठेवलंय वाटतं.’ ‘आमच्याबरोबर जेवायचं नाही, असं सरळ सांगा ना!’ बोलणाऱ्यांपैकी कुणाचाही हेतू वाईट नव्हता. ती आपली जुनी मायेची भाषाच होती. सर हसत होते. त्या रात्री त्यांनी अर्धी बासुंदी घेतलीही.

त्याच्या पुढच्या महिन्यात सरांकडे पाहुणे आले. त्यानंतर गुडघा दुखायला लागला. मग कुणीतरी आजारी पडलं. सहा महिन्यांत सर एकदाही जेवायला आले नाहीत आणि गुडघ्याच्या नावानं टेकडीही सुटली. मग एके दिवशी त्यांच्या घरून फोन आला. वहिनी म्हणाल्या, ‘भाऊजी, यांचं वजन नऊ किलो उतरलं, साखरही ताब्यात आली. पण हे बोलायचेच बंद झालेत. साडेसातला एकटे जेवतात आणि आठला दिवा मालवतात. तुम्ही त्यांना जेवायला घेऊन जा. जेवले नाहीत तरी चालेल.’

‘जेवले नाहीत तरी चालेल.’ त्या माउलीनं एका वाक्यात सगळा प्रश्न मांडला होता. आपल्याकडे न जेवणाऱ्या माणसाला जेवणाच्या टेबलावर जागाच नाही. एक तर सगळ्यांसारखं जेवा, नाही तर घरी बसा. सरांनी मनोनिग्रह दाखवला, त्यात ते शंभरापैकी शंभर मार्कांनी पास झाले आणि त्याची किंमत त्यांनी माणसांनी चुकवली.

ही किंमत लहान नाही. २०१० साली अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यात तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती होती. ज्यांची नातीगोती आणि मैत्री भक्कम, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात तगून राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त निघाली. माणसांपासून तुटण्याचा धोका लठ्ठपणाच्या धोक्यापेक्षाही मोठा असू शकतो, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे वजन उतरवण्यासाठी जो कट्टा सोडतो, तो एक धोका कमी करून दुसरा ओढवून घेतो. व्याज वाचवायला मुद्दल मोडावी, तसा हा व्यवहार आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावाशी निगडित १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ अशी ३२ वर्षांची माहिती क्रिस्ताकिस आणि फाउलर या दोघांनी तपासली आणि २००७ साली छापली. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला, तर तो माणूसही लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. भावंडांच्या बाबतीत हा आकडा ४० आणि नवरा-बायकोच्या बाबतीत ३७. गंमत अशी, की शेजाऱ्याच्या वजनाचा काहीच परिणाम दिसला नाही. शेजारी कितीही फुगला तरी आपण सुरक्षित. मित्र फुगला की जपायचं! मित्रामुळे वजन वाढतं, की सारख्या सवयींची माणसं मित्र होतात, यावर संशोधकांमध्ये पुढे बराच वाद झाला. पण आठ जणांच्या टेबलावर बसलेल्याला त्यातलं तथ्य डोळ्यांनी दिसतं. एकानं भजी मागवली की आठ हात पुढे होतात. किती खाणं म्हणजे ‘जरासंच’, हे माप आपण मित्रांकडून घेतो.

या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, की माझं मत तयार होतं. मैत्री सोडून वजन उतरवायला जाऊ नये, आणि आहे तसा कट्टा ठेवून ते उतरणार नाही. माणसानं टेबल सोडायचं नाही. टेबलाची रीत बदलायची. वजन हा एकट्याच्या जिभेचा प्रश्न नाही, तो पंक्तीच्या चालीरीतीचा प्रश्न आहे.

वहिनींच्या फोननंतर आमच्या कट्ट्यानं टेकडीवरच्या दगडावर बसून रीतसर ठराव केले. बँकेतला माणूस म्हणून इतिवृत्त माझ्याकडे होतं. पहिला ठराव : ‘घे ना’ एकदाच म्हणायचं. समोरच्यानं ‘नको’ म्हटलं की विषय संपला. दुसरा : कुणाच्याही वजनावर बोलायचं नाही. ‘सुटलास की रे’ नाही आणि ‘किती खराब झालास’ हेही नाही. उतरलेल्या वजनाचं कौतुकसुद्धा नको, कारण ते पुन्हा चढलं की माणूस तोंड लपवतो. तिसरा : ऑर्डर एकानंच द्यायची, दर महिन्याला पाळी बदलायची. आठ माणसांत पाच पदार्थ, वाटून खायचे. चौथा : गोड हवंच, पण दोन वाट्या आणि आठ चमचे. पाचवा : चालत जाता येईल तिथेच जेवायला जायचं आणि परतही चालतच यायचं.

‘अनलिमिटेड’ थाळीवर मात्र तासभर चर्चा झाली. माझं मत असं, की ही थाळी म्हणजे आपल्या आग्रहाचाच धंदा आहे. आजीच्या जागी पगारी वाढपी उभा असतो. तो तिच्याहून चिवट, कारण ‘नको’ ऐकून त्याला वाईट वाटत नाही. आणि खाणाऱ्याच्या मनात ‘पैसे वसूल’ हा मंत्र. कर्जवसुलीत अकरा वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, यात वसुली मुळीच नाही. थाळी मागवली त्या क्षणी पैसे गेले. चार पुऱ्या खा की चौदा, ते परत येत नाहीत. वरच्या दहा पुऱ्यांचं तेल तेवढं आपल्या खात्यावर जमा होतं. एक ग्रॅम पिठाचे चार उष्मांक, तर एक ग्रॅम तेला-तुपाचे नऊ. शिवाय ही ठेव मोडायला अवघड. कारण वजन उतरायला लागलं की शरीर खर्चाला हात आखडतं आणि भूक वाढवतं. म्हणून तर आपटून-धोपटून उतरवलेले किलो पुन्हा चढतात. आमच्या वयात आणखी एक गोष्ट जपायची असते. नुसतं उपाशी राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. तेव्हा डाळ, उसळ, दही, अंडं पानात हवं आणि चालण्याबरोबर हातापायांना थोडा जोराचा व्यायामही हवा.

या सगळ्यात ठरावाच्या वहीत नसलेला एक मुद्दा आमच्या घरातूनच आला. पुरुष मंडळींपैकी एकानं सुचवलं, की बाहेरचं जेवण दोन महिन्यांतून एकदा करावं, तेलाचा प्रश्नच मिटेल. तेव्हा आमची ही म्हणाली, ‘अहो, तुमचं बाहेरचं जेवण म्हणजे चैन असेल. माझं तेवढं एकच जेवण गरम असतं.’ सगळे गप्प झाले. आपल्या घरांमध्ये शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत बाईचं पान मांडलं जात नाही आणि नंतर उरलेली भाजी ‘टाकवत नाही’ म्हणून तिच्याच पोटात जाते. बायकांच्या भिशीत वडे-सामोसे असतात, म्हणून नवरे चेष्टा करतात. भिशीत वडे असतात हे खरं, पण ते दुसऱ्या कुणीतरी तळलेले असतात, हे विसरून कसं चालेल? ज्या घराला वजनाची काळजी असेल, त्यानं आधी घरची पंगत एकत्र बसवावी. भाज्या-आमटी मधोमध ठेवून ज्यानं त्यानं वाढून घ्यावं. बाई सगळ्यांबरोबर बसली, की उरलेलं संपवायची तिची नोकरी आपोआप सुटते.

वाचकांना उत्सुकता असेल, की ठरावांचं पुढे काय झालं. चमत्कार झाला नाही. वर्षभरात माझं वजन ७९वरून ७५वर आलं. समन्वयवादी गृहस्थांचं दोन किलोंनी वाढलं. ठराव क्रमांक दोननुसार त्यावर कुणीही बोललं नाही. बिल मात्र चांगलंच उतरलं. आणि सर परत आले. ते अजूनही भाकरी, पालेभाजी आणि ताकच मागवतात. कुणी काही म्हणत नाही. त्यामुळे ते आता पूर्वीसारखे भांडतात, नाटकांवर बोलतात, बिलाची बेरीज तोंडी करून वेटरला चकित करतात. वहिनींचा पुन्हा फोन आला नाही.

यावर काही जण म्हणतील, आता एवढा खटाटोप कशाला? वजन उतरवणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५ सालापासून आपल्याही बाजारात आली आहेत. ज्यांना डॉक्टरांनी ती दिली आहेत, त्यांनी ती जरूर घ्यावीत. औषधाला नावं ठेवणारा मी नव्हे. पण त्या इंजेक्शनांचं काम भूक कमी करणं हेच आहे. म्हणजे इथून पुढे आपल्या पंक्तीत खरोखर भूक नसलेली माणसं वाढत जाणार. मधुमेही, रक्तदाबवाले, बायपास झालेले तर आहेतच. या सगळ्यांना आपण ‘एक दिवस खाल्लं तर काय होतंय?’ म्हणत राहणार असू, तर ते एकेक करून पंक्तीतून उठतील आणि घरी एकटे जेवतील. औषध भुकेवर चालतं. आग्रहावर चालणारं औषध अजून निघालेलं नाही. ते आपल्याकडेच आहे.

आग्रह करणाऱ्याची माया खोटी असते, असं मी म्हणत नाही. माझ्या आजीनं तिसऱ्यांदा वाढलेल्या भाताची किंमत मला ठाऊक आहे. तो भात तिनं स्वतःच्या वाट्यातून वाढलेला होता. आज आपल्याकडे अन्न पुष्कळ आहे. कमी पडतो तो वेळ आणि सोबत. ज्याची टंचाई असेल त्याचाच आग्रह करावा, हा आजीचाच नियम आहे. मग आजच्या यजमानानं आग्रह कशाचा करायचा, ते उघड आहे. ‘जेवून जा’ऐवजी ‘बसून जा’ म्हणावं. लग्नकार्यात, दिवाळीच्या फराळाला, हॉटेलातल्या टेबलावर पाहुण्याला एकदा विचारावं. त्यानं नको म्हटलं तर हात आवरावा आणि खुर्ची मात्र जवळ ओढावी. गप्पा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढल्या तरी चालतात. त्या पचायला जड नसतात आणि पानात टाकाव्या लागत नाहीत.